भागाबाईंची मूठ

अजूनही किराण्याच्या दुकानात गव्हाच्या कोंड्याचं पोतं उघडं दिसलं की माझा हात आपोआप त्यात जातो. चिमूटभर कोंडा तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मग दुकानदाराकडे बघायचं. "आजी, ताजाच आहे हो," तो म्हणतो. बहुतेक वेळा तो ताजा नसतो. मला त्या कोंड्याचं काही करायचंही नसतं. पण ही खोड मला भागाबाईंनी लावली आणि ती सोडावी असं मला कधी वाटलं नाही.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मी नुकती बाहेर पडले होते आणि इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या मुलींच्या शाळेत दुय्यम शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली होती. बारामतीपर्यंत आगगाडी, पुढे मोटार. त्या मोटारीत बसायला जागा मिळाली, पण माझ्या पायाशी कुणाची तरी कोंबडी होती आणि तिला माझी जागा हवी होती. असा प्रवास करून, अंगावरच्या लुगड्याची इस्त्री पार मोडलेली, मी शाळेच्या ओसरीवर पोचले. तिथे एक पन्नाशीच्या बाई सुपात काहीतरी पाखडत बसल्या होत्या. काळ्यासावळ्या, हाडापेरानं मजबूत, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं, झाडलोट करणारी बाई असेल.

"हेडमिस्ट्रेस बाई आहेत का?" मी जरा रुबाबात विचारलं.

"हायेत की," त्या म्हणाल्या. "पर आधी हात धुऊन या, आन ह्येचा वास घ्या."

मी हात धुतले, वास घेतला. मला कोंड्याचा वास आला. तसं मी सांगितलं.

"आन?"

"आणखी काही नाही."

"नीट घ्या. आंबूस हाय का न्हाय? दोन दिस पावसात राह्यलंय त्ये. ह्ये सशाला घातलं तर ससा बसंल पोट धरून." त्यांनी तो कोंडा शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात ओतला आणि हात झटकून उभ्या राहिल्या. "मीच भागीरथी. कालेजात वास घ्याया शिकवत न्हाईत वाटतं."

त्या बारामतीकडच्या कऱ्हाटीच्या. माळ्याघरची लेक. लहानपणीच नवरा गेला, वडील जुन्या विचारांचे असूनही त्यांनी लेकीला शिकू दिलं, एवढंच मला ठाऊक आहे. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांची बोली मात्र दोन होती. वर्गाचा उंबरा ओलांडला की छापील पुस्तकासारखं बोलायच्या: "मुलींनो, सशाचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून त्यास चावण्याजोगे अन्न लागते." तोच उंबरा उलट ओलांडला की, "अगं, चावू दे त्येला! दात वाढत्यात त्येचं." मुलींना दोन्ही कळायचं. मला पहिले सहा महिने एकच कळत होतं.

ससे दोन होते. पांढरा नर खडू आणि काळी मादी शाई. कालव्यावरच्या एका ओव्हरसियरच्या बायकोने ते पुण्याहून हौसेने आणले होते, बदली झाली तेव्हा शाळेला देऊन टाकले. सोबत सूचना होती की त्यांना दुधात भिजवलेला पाव आणि कोबी द्यावा. पाव निमगावात मिळत नव्हता, तर भागाबाईंनी तो बारामतीहून मागवला. तेव्हा तिसरंही एक पिल्लू होतं. आठवड्याभरात ते हगवणीने गेलं.

त्या दिवशी बाईंनी शाळा सोडली ती थेट माळावर. सोबत सगळ्या मुली. माळावरचे रानससे कुठे बसतात, काय कुरतडतात, हे त्यांनी मुलींना पालथं पडून बघायला लावलं. "माळावरचा ससा कवा पाव खातो व्हय?" हा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर त्यांनी तीन महिने शोधलं. एका वेळी एकच वस्तू घालायची, दोन दिवस थांबायचं, सकाळी लेंड्या बघायच्या. लेंडी गोल, कोरडी, फोडली तर आत गवताचा भुगा, म्हणजे पास. मऊ, चिकट, वास मारणारी, म्हणजे नापास. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी भागाबाई चष्मा लावून उकिडव्या बसून त्या लेंड्या तपासत, आणि पाटीवरची गणितंसुद्धा त्यांनी कधी तितक्या बारकाईने तपासली नाहीत, असं मी खात्रीनं सांगते.

त्यातून जे खाणं तयार झालं ते असं. आठ मुठी वाळला चारा: सावलीत वाळवलेला लसूणघास, हरळी, ज्वारीच्या कडब्याची नुसती पानं. पानमळ्यात नागवेलींना आधार म्हणून शेवरीची झाडं लावतात, तिचा पाला थोडा. एक मूठ ताजा कोंडा. हरभरा भरडताना जी बारीक चुणी निघते ती चिमूटभर, त्याहून जास्त मुळीच नाही. मिठाचा खडा वेगळा टांगलेला. घास उन्हात वाळवायचा नाही, पानं झडतात आणि हाती काड्या राहतात. दहिवरानं ओला घास तर दारातसुद्धा आणायचा नाही. सगळं परातीत कालवायचं, मुठीत दाबायचं, मूठ उघडायची. दाबलेलं सगळं पुन्हा मोकळं झालं तर बरोबर. गोळा राहिला तर ओल आहे, परत पसरा.

"हाताला इचारा," त्या म्हणायच्या. मुलगी कितीही लहान असो, तिच्या हाताला विचारल्याशिवाय परात आत जात नसे.

आता यात शाळा कुठून आली? तर शाळेचाच जीव त्या परातीत होता. मी रुजू झाले तेव्हा वरून हुकूम आलेला होता की मुलींची संख्या अशीच राहिली तर शाळा बंद करून मुलांच्या शाळेत मिळवण्यात येईल. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब पौषात येतील, त्या दिवशी तीस मुली प्रत्यक्ष हजर दिसल्या पाहिजेत. पटावर तेव्हा अठरा होत्या. मुलांच्या शेजारी मुली बसवायला गावातला एकही बाप तयार नव्हता, म्हणजे मिळवणं म्हणजे संपणंच. भागाबाईंना स्वतःच्या नोकरीची फिकीर नव्हती. त्यांना कुठेही नोकरी मिळाली असती. पण "ह्या अठरा पोरी उद्या शेण थापत बसतील, आन मी बगत बसू?" एवढं एकदाच त्या बोलल्या आणि कामाला लागल्या.

त्यांनी घरोघर जाऊन मुली मागितल्या नाहीत. मूठ मागितली. "पोरगी नका धाडू. तिच्या हातची येक मूठ कोंडा तेवढा धाडा, सशाला." एक मूठ कोंड्याला कोण नाही म्हणणार? मुलगी मूठ घेऊन यायची, ओसरीवर परात, परातीभोवती बाकीच्या मुली, पिंजऱ्यात ससे. ती तासभर हलायची नाही. दोन-तीन दिवसांनी बाई तिच्या घरी पुन्हा हजर. "ससा तिच्याच हातचं खातो बगा. ती न्हाई आली की तोंड फिरवतो." हजेरी घेतानासुद्धा 'हजर' म्हणायचं नाही, काय आणलं ते म्हणायचं. "तुळसा?" "शेवरी!" "गोदा?" "हरळी!" पहिल्यांदा मी ती हजेरी ऐकली आणि मला वाटलं, मी बाजारात आलेय.

ही तुळसा म्हणजे पानमळेवाल्या शिवरामआबांची मुलगी. हुशार, आणि तोंडानं जरा फटकळ. पानं खुडायच्या दिवसांत आबांनी तिला घरी बसवली. बाई गेल्या आणि आपला ठरलेला मंत्र म्हणाल्या. आबा हसले. "बाई, ससा का जावई हाय तिचा? चला, मी भरवतो." आणि खरोखरच मळ्यातली ताजी शेवरी घेऊन ते शाळेत आले. आम्ही सगळ्या पिंजऱ्याकडे धावलो. बाई मात्र शांत. आबांनी फांदी पुढे केली. खडू आला, नाक हलवलं आणि पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसला. मग तीच फांदी तुळसाच्या हातात. खडूने ती पार देठापर्यंत संपवली.

दुसऱ्या दिवसापासून तुळसा शाळेत. मी बाईंना विचारलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "तमाखू मळलेला हात त्यो. कंचा ससा खाईल?"

असं करत करत पट बत्तीसवर गेला. अपूर्णांक त्या मुठींवर शिकवायच्या, भूगोल चाऱ्यावर. आणि पौषातला तो दिवस जवळ आला.

आता मला माझं सांगायलाच हवं, इच्छा नसली तरी.

संक्रांतीला भागाबाई भावाकडे कऱ्हाटीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "खाणं कालवून ठिवलंय. दोन टायमाला घाला. दुसरं काय बी घालू नका." मी हो म्हटलं. संक्रांतीच्या दुपारी मुली नवे परकर नेसून मला तिळगूळ द्यायला आल्या. घेतला, गोड बोलले. मग धाकट्या चिमीने पिंजऱ्याकडे बघितलं. "बाई, खडूला न्हाय द्यायचा?" आपल्याकडे संक्रांतीला दारात आलेल्या कुणाला आपण तिळगुळाशिवाय परत पाठवतो का? वैऱ्यालासुद्धा देतो. मला ते इतकं गोड वाटलं, की मीच पिंजऱ्याचं दार उघडलं. चिमीने पहिला दिला. मग प्रत्येकीने एकेक. शाई एक हुंगून मागे सरली. खडू मात्र खात राहिला, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खडू पाठीचा बाक काढून बसलेला दिसला. संध्याकाळी बाई आल्या. पिंजऱ्यापाशी क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "काय खाल्लं ह्येनं?"

"नेहमीचंच," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला अजून सांगता येत नाही. मी एकवीस वर्षांची होते आणि शहाणी समजली जात होते, एवढंच कारण असेल. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. अशक्त वाटतोय म्हणून त्याला चिमूटभर चुणी जास्त घातली.

सकाळी त्या नेहमीसारख्या उकिडव्या बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. मग तळहात माझ्यापुढे धरला. "मास्तरीणबाई, ह्ये तीळ हायेत."

मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कालच सांगितलं असतं, तर चुणी घातली नसती मी," एवढंच म्हणाल्या आणि खडूला मांडीवर घेतलं. त्याचं पोट टणक झालं होतं, दात करकरत होते. दिवसभर त्यांनी त्याचं पोट चोळलं, ओव्याचं कोमट पाणी चमच्याने पाजलं, ओसरीवर चालवलं, पुन्हा चोळलं. डिप्टीसाहेब उद्या येणार होते, भिंती सारवायच्या राहिल्या होत्या. त्या मी आणि मुलींनी सारवल्या.

पहाटे खडू गेला. झाडलोटीला लवकर आलेल्या दोघी मुलींनी बाईंच्या मांडीवर त्याला पाहिलं आणि ओरडत घरी पळाल्या. तासाभरात सगळ्या गावातल्या पोरींना कळलं की आपण दिलेल्या तिळगुळाने खडू मेला. शाळा भरायची वेळ झाली तेव्हा वर्गात चार मुली होत्या, त्याही दाराकडे बघत.

बाईंनी खडूला चिंचेखाली पुरलं, हात धुतले. "साहेब आले तर बसवा," मला म्हणाल्या आणि पदर खोचून बाहेर पडल्या. सकाळच्या वेळी, भर गावातून, त्या वयात, त्या जवळजवळ धावत गेल्या, असं लोक नंतर सांगत.

पुढचं मला तुळसाने सांगितलं. बाई प्रत्येक दारापुढे उभ्या राहून एकच वाक्य बोलत होत्या: "शाई उपाशी हाय." शिवरामआबांच्या दारात तुळसा आतल्या खोलीत तोंड लपवून बसलेली. आबा म्हणाले, "बाई, आज बी थाप का?"

बाई थबकल्या. "म्हंजी?"

"तमाखूचा हात व्हता माझा. मला का कळंना व्हय? कळूनच धाडली पोर."

"आज थाप न्हाय, आबा," बाई म्हणाल्या. "जोडीदार गेला तिचा. सकाळपासनं तोंड लावलं न्हाय कशाला. आन साहेब आज यायचाय."

आबांनी पायात वहाणा घातल्या. तुळसाला बाहेर काढलं आणि स्वतःच पुढच्या आळीला निघाले.

इकडे डिप्टीसाहेब खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. सभ्य माणूस, पण कागदाचा. "बाई कुठे आहेत? मुली कुठे आहेत?" मी सशाच्या खाण्याबद्दल सांगायला लागले. आठ मुठी चारा, एक मूठ कोंडा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी ठरवलं की आता खरं सांगायचं. "साहेब, संक्रांतीला जे झालं, त्यात चूक..." एवढं म्हणेपर्यंत ओसरीवर पावलं वाजली.

पुढे भागाबाई, मागे मुलींची रांग. प्रत्येकीची उजवी मूठ मिटलेली. एकेक मुलगी परातीपाशी आली, मूठ उघडली, बाजूला उभी राहिली. कोंडा. घास. शेवरी. कडब्याची पानं. बाईंनी कोंड्याचा वास घेतला, त्याही दिवशी. साहेब आधी बसून मोजत होते, मग उभे राहून मोजायला लागले. आधीच्या चौघी धरून एकोणतीस झाल्या. पटावरची एक आजोळी होती, एक तापाने झोपलेली. राहिली फक्त चिमी. ती दारातच उभी होती, आणि ती पुढे येईना.

"ये की," बाई म्हणाल्या.

चिमीने मूठ उघडली. आत काही नव्हतं. "मी काय आणलं न्हाय," ती म्हणाली. "मीच पयला तिळगूळ दिला व्हता."

साहेबांनी पेन्सिल कागदावर धरून ठेवली होती.

"साहेब," भागाबाई म्हणाल्या, आणि वर्गाचा उंबरा ओलांडूनही त्यांच्या तोंडून पुस्तकी भाषा आली नाही, "रिकामी मूठ बी मोजा. पोर हजर हाय."

साहेबांनी तीस लिहिलं.

मग त्यांनी ससा कशाने मेला ते विचारलं. मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण बाई आधी बोलल्या. "मी परगावी गेले होते. पिंजऱ्यास कुलूप लावण्याची व्यवस्था केली नाही. चूक माझी." आता पुस्तकी भाषा परत आली होती. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं की शाळा चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र हेडमिस्ट्रेसच्या निष्काळजीपणामुळे शाळेचा एक ससा दगावला. बाईंनी खाली सही केली. मी उभी राहून ती सही बघितली, आणि गप्प राहिले. हे माझं दुसरं लपवणं.

संध्याकाळी चिमीच्या हातून शाईने हरळीची एक काडी घेतली. हळूहळू ती पूर्ववत खायला लागली.

त्यानंतर चार वर्षं मी भागाबाईंच्या हाताखाली काम केलं. त्या दिवसाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. संक्रांतीला मुली तिळगूळ आणत, बाई तो डब्यात ठेवून कुलूप लावत. त्यांनी मला कधी दिला नाही. मी कधी हात पुढे केला नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही, हा प्रश्न चार वर्षं माझ्या मनात होता आणि त्या बाईंवर माझं इतकं प्रेम होतं, की उत्तर ऐकायची भीती वाटायची.

चैत्रात माझी इंदापूरला बदली झाली. मोटार निंबाखाली थांबायची, तिथे त्या पोचवायला आल्या. मी ट्रंकेवर बसून शेवटी बोललेच. "बाई, शेऱ्याच्या वहीतलं ते... मी साहेबांना पत्र लिहिते. अजूनही लिहिते."

"वही ऱ्हाऊ द्या. हात फुडं करा."

मी हात पुढे केला. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्या तळहातावर तिळगुळाची एक वडी ठेवली. संक्रांत होऊन तीन महिने झाले होते. वडी दगडासारखी झाली होती.

"चिमीनं दिली व्हती. म्हनली, दुसऱ्या बाईंना द्या. मी ठिवून दिली." त्यांनी पुरचुंडीचं फडकं झटकून पुन्हा कनवटीला खोचलं. "गोड बोला. आन बोलायचं आसंल तवा बोला, बाई. दुसऱ्या दिसापातूर थांबू नका."

आणि त्यांनी माझी बोटं मिटून वर आपला हात दाबला. सशाचं खाणं कालवून खरबरीत झालेला तो हात होता.

मोटार सुरू झाली. मी मागच्या खिडकीतून बघत होते. वाटलं, त्या उभ्या राहतील, हात हलवतील. पण रस्त्याच्या कडेला पाटाच्या ओलीवर हिरवीगार हरळी उगवलेली होती आणि भागाबाई वाकून ती उपटत होत्या. एक काडी त्यांनी बोटांत चोळून नाकाशी नेली. पसंत पडली असावी, कारण त्यांनी ती पदरात टाकली आणि दुसरीकडे हात घातला.